भिवराची बैठक

फार वर्षांपूर्वी, कडजाईच्या देवळाला कळस नव्हता आणि कड्यावर चढायला पायऱ्याही नव्हत्या तेव्हा, सावरखोरी गावात भिवरा नावाची एक बाई होऊन गेली. कुणी तिला संत म्हणतात, कुणी हट्टी म्हणतात. मी दोन्ही म्हणतो. ज्याला यातलं एकच पटत असेल त्याने आत्ताच उठून घरी जावं, मागाहून कुरकुर करायची नाही.

भिवरा बुरडाची सून. घरचा धंदा बांबूचा. सुपं, टोपल्या, रोवळ्या विणायच्या आणि बाजाराला न्यायच्या. लग्न होऊन ती गावात आली तेव्हा सोळा वर्षांची होती. त्याच चैत्रात जत्रेचे ढोल वाजायला लागले आणि तिच्या अंगात वारं आलं. केस सुटले, डोळे फिरले, आणि तोंडून असा आवाज निघाला की रावजी पाटलाने पागोटं काढून तिच्या पायांवर ठेवलं. एरवी हा पाटील बुरडाच्या घरचं पाणी प्यायला नसता. पण त्या घटकेला ती भिवरा नव्हती, कडजाई होती.

तेव्हापासून दर चैत्री पुनवेला आणि दर नवरात्रात देवी भिवराच्या अंगात यायची. पेरणी कधी करावी, हरवलेली म्हैस कुठे शोधावी, सगळं गाव तिला विचारायचं. वारं उतरलं की भिवराला त्यातलं काही आठवत नसे. कुणी विचारलंच तर ती म्हणायची, "म्या न्हवतेच की तिथं." आणि ते अगदी खरं होतं.

सहा वर्षांनी तिला मुलगी झाली आणि तिसऱ्या दिवशी गेली. बाळंतपण चिमाने केलं होतं. चिमा म्हणजे गावची सुईण, एकटी, म्हातारी. निम्मं गाव तिच्या हातांवर जन्मलेलं. खुद्द भिवराचा नवराही त्यातलाच. चिमाचा काही दोष नव्हता. पण भिवराचं काळीज जळत होतं, आणि जळणाऱ्याला कुणावर तरी ओरडायला लागतं. ती मनातल्या मनात चिमावर ओरडत राहिली.

त्या वर्षी नवरात्रात भिवराच्या अंगात आलं. बायका रांगेने पुढे येऊन देवीच्या हातून कुंकू लावून घेत होत्या. चिमा पुढे आली, कपाळ वाकवलं, आणि भिवराच्या हाताने कुंकवाची थाळी उडवून दिली. थाळी खडकावर आपटून गडगडत गेली. "आईनं चिमाला झिडकारलं!" असं कुणीतरी ओरडलं, आणि ते सगळ्या गावात पसरलं.

पण त्या दिवशी भिवरा तिथं होती. इतर वेळी नसायची, त्या वेळी होती. थाळी उडवणारा हात आपला आहे हे तिला कळत होतं. तिने ते कुणालाही सांगितलं नाही. धीर झाला नाही, हे मी लपवणार नाही. थोर माणसांची गोष्ट सांगताना त्यांच्या चुका गिळायची आपल्याकडे खोड आहे, मला ती नाही.

हिवाळ्यात गावात गोवर शिरला. सात पोरं गेली. त्यात रावजी पाटलाचा एकुलता नातू होता. आता लोकांना थाळी आठवली. देवीने खूण दिली होती, आपल्याला कळली नाही, चिमाच्याच हातात विष आहे, असं ओट्याओट्यावर बोलणं सुरू झालं. पाटील काही दुष्ट नव्हता. त्याला रात्रंदिवस तो नातू दिसत होता. त्याने गाव बोलावलं आणि ठरवलं, "चैत्री पुनवेला आईलाच इचारू. आई जिचं नाव घेईल तिला कड्याच्या पल्याड सोडायचं." कड्याच्या पल्याड जंगल होतं, वस्ती नव्हती. म्हातारं माणूस तिथे दोन दिवस काढतं ना काढतं.

भिवराने हे ऐकलं. चैत्रात ढोल वाजले की आपल्या तोंडून कोणतं नाव निघणार, हे तिला आजच माहीत होतं. आणि ते नाव घेणारी कडजाई नसणार, हेही माहीत होतं.

खालच्या पेठेत एक शास्त्रीबुवा राहत होते. भिवरा सुपं विकायला गेली तेव्हा त्यांच्या अंगणाच्या कडेला उभी राहिली आणि म्हणाली, "म्हाराज, अंगात येतं ती देवी का आपलाच राग, ह्ये वळखायचं कसं?"

शास्त्रीबुवा म्हणाले, "हे ज्ञान अधिकार असलेल्यांनाच सांगायचं असतं. तू आपली सुपं वीण."

"बरं," भिवरा म्हणाली, "मंग सुपालाच इचारते."

त्या संध्याकाळी शास्त्रीबुवांची संध्या दोनदा चुकली, असं म्हणतात.

आणि भिवराने खरोखर बांबूलाच विचारलं. बांबूच्या कामट्या काढायच्या तर कोयता एका लयीत चालावा लागतो. हात रागात असला की चीर तिरपी जाते आणि कामटी मध्येच तुटते. त्या दिवसांत भिवराच्या कामट्या एकसारख्या तुटत होत्या. सासू शिव्या देत होती. भिवरा मात्र बघायला लागली, की कामटी तुटायच्या आधी काय होतं? श्वास आखूड होतो. श्वास आखूड व्हायच्या आधी? पोटात आग पडते. आणि आग पडायच्या आधी? कपड्यात गुंडाळलेलं ते एवढंसं तोंड डोळ्यांपुढे येतं, मागोमाग चिमा येते. हे सगळं ओळीने येत होतं आणि ती बघत होती. एकदा तिने कोयता खाली ठेवला आणि मोठ्याने म्हणाली, "राग तिकडं हाय. बघनारी म्या हिकडं हाय." सासूला वाटलं, सून वेडी झाली.

मग भिवरा रोज पहाटे उठून कड्यावर जायला लागली. देवीच्या समोर एक सपाट खडक होता, त्यावर ताठ बसायची. श्वास आत घेताना कडजाईचं नाव, सोडताना कडजाईचं नाव. दुसरा मंत्र तिला कुणी दिला नव्हता. राग आला की ती त्याला हाकलायची नाही. आलेल्या पाहुण्याला म्हणावं तसं म्हणायची, "आलास? बस." दुःख आलं की त्यालाही म्हणायची, "तू बी बस." बसायला पाट द्यायची, घराची किल्ली मात्र द्यायची नाही. पहिला महिना तिने नुसता रडून काढला. दुसऱ्या महिन्यात ती खडकावरून उठून घरी पळाली, तीनदा. पण चौथ्यांदा परत गेली. माघ संपता संपता तिच्या कोयत्याखालून बारा हात लांब कामटी निघायला लागली, एकाही पेरावर न अडता, असं म्हणतात.

राग गेला का? नाही गेला. ज्यांना वाटतं की चार दिवस डोळे मिटले की राग जातो, त्यांनी एकदा आपलं मूल पुरून बघावं.

चैत्री पुनव आली. पाच गावांचे बारा ढोल कड्यावर चढले. भर दुपारी चिमाला आणून देवीपुढे उभं केलं. म्हातारी काठीवर वाकली होती, पण आवाज वाकला नव्हता. ती म्हणाली, "तुमच्या नाळा या हातांनी कापल्यात. आज ह्येच हात वाईट झालं व्हय?" कुणी तिच्याकडे बघितलं नाही. भिवरा खडकावर बसली, आणि ढोलांवर टिपरू पडलं.

एरवी दहा ठोक्यांत वारं यायचं. त्या दिवशी ऊन कललं तरी भिवरा हलली नाही. ढोलकरी बदलले, भिवरा तशीच. दुसरा दिवस उगवला, मावळला. तीन दिवस ढोल वाजले, सात ढोलांची कातडी फाटली, टिपरं रक्ताने भिजली, असं म्हणतात. तिसऱ्या दिवशी दुपारी पाटील पुढे येऊन हात जोडून ओरडला, "आई, नाव घे!"

भिवरा म्हणाली, "आई न्हाय, पाटील. म्या भिवरा हाय. नाव पायजे तुमास्नी? घेते. भिवरा."

ढोल थबकले.

"नवरातीत थाळी उडिवली ती आईनं न्हाय, म्या उडिवली. म्या जागी व्हते. माझी पोर गेली, त्याचा राग म्या चिमामावशीवर काढला, आन् आईच्या नावावर खपिवला. काढायचं तर मला काढा गावाबाहीर. म्हातारीला हात लावायचा न्हाय."

मग जो गलका उठला तो सांगायला नको. तीन दिवसांचे तापलेले लोक. कुणी म्हणालं, बुरडाची पोर देवीला खोटं पाडते. कुणी दगड उचलला. ढोलकऱ्यांना हुकूम झाला, वाजवा, आई आली की हिचं तोंड बंद होईल. उरलेले पाच ढोल असे वाजले की खालच्या पेठेत शास्त्रीबुवांच्या फळीवरची भांडी खाली पडली.

तेव्हा भिवराच्या पायाच्या अंगठ्यात थरथर सुरू झाली. गुडघ्यात आली, पोटात आली. ते एवढंसं तोंड डोळ्यांपुढे आलं, मागोमाग चिमाचे हात आले, आणि राग देवीचा मळवट भरून, देवीचं लुगडं नेसून समोर उभा राहिला. नुसतं तोंड उघडलं असतं तर सगळं गाव तिच्या पायावर पडलं असतं, दगड खाली पडले असते, आणि चिमा पल्याड गेली असती. भिवराने श्वास आत घेतला, कडजाई. बाहेर सोडला, कडजाई. आणि ती म्हणाली, "तू आई न्हाईस. तुला म्या वळखते. बस खाली."

ती थरथर पोटातून गुडघ्यात उतरली, गुडघ्यातून अंगठ्यात, आणि अंगठ्यातून खडकात गेली. भिवरा हलली नाही म्हणून कडा हलला, असं म्हणतात. देवीपुढच्या घंटा आपोआप वाजल्या. पाटलाचं पागोटं घरंगळत दरीत गेलं. उभं राहणं कुणाला जमेना. दगड उचललेला माणूस बसला, ढोलकरी बसले, पाटील बसला, सगळं गाव जिथल्या तिथे बसलं. मग कडा थांबला. अशी शांतता झाली की प्रत्येकाला स्वतःची छाती धडधडताना ऐकू यायला लागली, आणि ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

खूप वेळाने पाटील बोलला. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "मंग माझा नातू कुनी नेला गं?"

भिवरा म्हणाली, "ठावं न्हाय, पाटील. माझी पोर कुनी नेली त्ये बी मला ठावं न्हाय. ठावं न्हाय म्हनून कुनाचं बी नाव घ्यायचं व्हय?"

पाटील सगळ्या गावादेखत रडला. नातू गेल्यापासून तो रडला नव्हता, नुसता चिडत होता. त्याला रडताना बघून बाकीच्या सहा घरांतले लोकही रडले.

चिमा काठी टेकत खडकाजवळ आली. भिवरा तिला म्हणाली, "चिमामावशी, खोटं न्हाय बोलत. माझा राग अजून गेला न्हाय. ह्यो इथंच बसलाय."

"बसू दे, पोरी," चिमा म्हणाली. "म्या बी बसते." आणि ती तिच्या शेजारी बसली.

त्यानंतर भिवराच्या अंगात कधी आलं नाही. काही जण म्हणतात, देवी तिच्यावर रुसली. माझी आजी म्हणायची, जी बाई आत कायमची राहायला आली ती पुन्हा दारातून कशाला येईल? तुम्हाला जे पटेल ते घ्या. साथ आली तशी गेली. चिमा आणखी अकरा वर्षं जगली, तिच्या हातांवर शंभर पोरं झाली, आणि ती गेली तेव्हा तिला खांदा द्यायला रावजी पाटील पुढे होता.

सावरखोरीत आजही चैत्री पुनवेला ढोल वाजतात. दुपारी ते अगदी भरात असताना एकदम थांबतात आणि सगळे खडकावर बसतात. जो मोठा असेल त्याने पहिल्यांदा बसायचं. आपापला श्वास शांत होईपर्यंत कुणी बोलत नाही. हिलाच भिवराची बैठक म्हणतात. मग ज्याची कुणाविरुद्ध तक्रार असेल त्याने उभं राहायचं, पण पहिलं नाव स्वतःचं घ्यायचं आणि आपण काय केलं ते आधी सांगायचं. वारं अजूनही कुणाकुणाच्या अंगात येतं. गाव हात जोडतं, ओटी भरतं, पण कुणाचं नाव विचारत नाही. त्या दिवसापासून सावरखोरीने एकाही माणसाला गावाबाहेर काढलेलं नाही.

ही चाल मोडायला पुष्कळ जणांनी बघितलं. एका वर्षी एक पुढारी आले होते, पांढऱ्या कपड्यात, सोबत दहा माणसं. म्हणाले, खडक तापलाय, मी उभाच राहतो. गाव म्हणालं, राहा. पण तुम्ही बसल्याशिवाय आमचे ढोल पुन्हा वाजणार नाहीत. दिवे लागायच्या सुमाराला बसले.

आणि गेल्या चैत्रात मी गेलो होतो. बांधावरून भावाशी चार वर्षं बोलणं नव्हतं, सगळं पाठ करून गेलो होतो. बैठक संपली, मी उभा राहिलो. रीतीप्रमाणे माझं नाव घेतलं आणि मी काय केलं ते सांगितलं. बांधाचा दगड पहिल्यांदा मी सरकवला होता. पुढे भावाचं नाव घ्यायचं होतं. ते मला चांगलं आठवत होतं, राग शेजारीच बसला होता, पण माझं बोलून झालं होतं. मी खाली बसलो.

पलीकडच्या रांगेतून माझा भाऊ उठला, आणि त्याने स्वतःचं नाव घेतलं.