वाटाड्याचा जरीचा शेला

फार पूर्वी एका उंच घाटात एक वाटाड्या राहत होता. घाटाखाली एक मुलूख, घाटावर दुसरा, आणि मधली वाट कड्याच्या कडेकडेने जाणारी. खालच्या माणसांना वर नेणे हेच त्याचे काम. त्या वाटेवरचा दगडन् दगड त्याच्या पायांना ठाऊक होता.

वाटेत एके ठिकाणी कडा पोटासारखा पुढे आलेला होता आणि पाय ठेवायला वीतभरच खडक होता. त्या जागेला दमकोंडी म्हणत, कारण तिथे माणसाचा दम आपोआप कोंडायचा. दमकोंडीपाशी वाटाड्यांची एक रीत होती. वाटाड्याने पुढे व्हायचे, कमरेला बांधलेल्या शेल्याचे एक टोक मोकळे करायचे आणि मागच्या माणसाच्या हाती द्यायचे. दोर कुणी वापरत नसे. जुने वाटाडे म्हणत, "दोर बाजारात मिळतो. शेला म्हणजे आपला शब्द."

म्हणून वाटाड्यांचे शेले जाड सुताचे असत, गोणपाटासारखे खरखरीत. आपल्या वाटाड्याचाही तसाच होता. पण त्याला त्याची लाज वाटे. वाटेवरून रेशमी कपड्यांतली माणसे जात. तो मनात म्हणे, 'यांना पार मी नेतो, आणि दिसतो मात्र हमालासारखा.'

एक दिवस जुने कपडे विकणारा एक फेरीवाला घाट उतरून आला आणि त्याच्या ओट्यावर टेकला. पाणी पिऊन झाल्यावर त्याने गाठोडे सोडले. पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू हळूच उलगडली.

वाटाड्या पाहतच राहिला.

तो एक शेला होता. मोराच्या मानेचा रंग, वाऱ्याने हलला की निळ्याचा हिरवा होणारा. पदरावर जरीचे राघू समोरासमोर बसलेले, आणि प्रत्येक राघूच्या डोळ्याला लाल रेशमाचा एकच टाका. वाटाड्याने डोंगरामागून उगवणारा सूर्य रोज पाहिला होता. हाताच्या अंतरावर आलेला कधी पाहिला नव्हता. नकळत त्याचे हात जोडले गेले.

"कुणाचा हो हा?"

"एका राजाचा. राजा गेला, नातू गेले, वाड्याचे दगडही लोकांनी नेले. हा तेवढा राहिला."

"माझ्या अंगावर शोभेल?"

"न शोभायला काय झालं? पण पाव्हणं, हा फार म्हातारा आहे बरं का. घाम लागू द्यायचा नाही. उन्हात टाकायचा नाही. अधूनमधून घडी बदलायची. आणि ताण तर..."

"काय घेणार ते बोला," वाटाड्या म्हणाला. त्याला पुढचे ऐकूच आले नव्हते.

घरच्या दोन दुभत्या शेळ्या फेरीवाल्यामागून निघून गेल्या.

बायको मोळी घेऊन आली. तिने रिकामे खुंटे पाहिले. "अहो, शेळ्या कुठं गेल्या?"

त्याने उत्तर म्हणून शेला उलगडला. देवाच्या मूर्तीला लावावे तसे तिने बोट लावले. मग शेला दाराच्या उजेडात धरला.

"प्रत्येक घडीवर आरपार उजेड दिसतोय."

"जरीची चमक आहे ती."

"जरीची नाही. रेशीम विरलंय. माझं ऐका, हा देवघरात ठेवा. सणासुदीला काढू, पोरंबाळं बघतील, हात जोडतील. पण कमरेला नको."

"शेळ्या काय हा देवघरात ठेवायला दिल्या?"

"म्हातारा पाहुणा घरी आला तर त्याला पाट मांडतात. डोक्यावर हंडा देत नाहीत."

त्याने रागाने शेला तिच्या हातून ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारा आपल्या लेकीला घेऊन घाटाच्या पायथ्याशी आला. लेकीला सातवा महिना होता. "बाळंतपणाला माहेरी नेतोय," म्हातारा म्हणाला. "जपून नेशील ना, बाबा?"

"माझा शेला हाती असताना भीती कसली?"

म्हाताऱ्याने वाटाड्याच्या कमरेकडे पाहिले. "अरे बापरे! तू वाटाड्या का सरदार?"

लेक हसली. "आबा, राजाच्या शेल्याला धरून माहेरी निघालेय मी. सासूबाईंना सांगितलं तर म्हणतील, पोरगी उन्हानं बरळतेय."

वाटाड्याची छाती फुगली. पुढे तो, मध्ये लेक, मागे म्हातारा, अशी तिघे चढू लागली.

दमकोंडी आली. खाली दरी धुक्याने भरली होती. वाटाड्याने शेल्याचे टोक मोकळे करून लेकीच्या हाती दिले. तेवढ्यात डोंगरावरून ऊन आले आणि शेल्यावर पडले. काळा कडा सोन्याचा झाला. जरीचे राघू जणू आत्ता उडतील असे हलले. तिघेही जागच्या जागी थबकली. या जागी वाटाड्या रोज एकच सांगे, "डावा पाय आधी." त्या दिवशी तो शेल्याकडे बघत राहिला आणि सांगायचे विसरला.

लेकीने उजवा पाय टाकला. मुरूम घसरला. तिचा सारा भार शेल्यावर आला.

जाडे कापड फाटताना टर्रकन आवाज येतो. इथे आवाजच झाला नाही. फुंकर मारल्यावर राख उडावी तसा शेला सगळ्या घड्यांवर एकदम सुटला. एक राघू लेकीच्या मुठीत राहिला. बाकीचे सोने वाऱ्यावर चढले आणि दरीवर तरंगत राहिले. तसे सुंदर वाटाड्याने आधी कधी पाहिले नव्हते, पुढेही पाहिले नाही. त्याही क्षणी त्याची नजर त्यामागे ओढली गेली.

"आबा!"

त्या किंकाळीने तो भानावर आला. त्याने खडकावर अंग झोकून दिले आणि लेकीचे मनगट पकडले. खांदा काडकन निखळला. डोळ्यांपुढे अंधारी आली, पण त्याने मूठ सोडली नाही. म्हातारा पोटावर सरपटत आला, त्याने लेकीचा पाय धरून खडकावर टेकवला. तिघे कशीबशी पलीकडे पोहोचली.

लेक झाडाखाली बसली. पोटावर हात ठेवून तिने वाट पाहिली. मग म्हणाली, "हललं." म्हातारा रडू लागला. वाटाड्यापुढे हात जोडून म्हणाला, "देवमाणूस आहेस रे."

वाटाड्याने मान वर केली नाही.

दोघांना वर पोहोचवून घाट उतरल्यावर तो थेट वाटाड्यांच्या नाईकाकडे गेला. "माझा शेला तुटला," तो म्हणाला. हे शब्द त्या घाटात कुणी ऐकले नव्हते.

"लेक वाचली ना?" नाईकाने विचारले.

"हातानं वाचली. मी तिला शेला दिला होता."

नाईकाने त्याचा निखळलेला खांदा चाचपून पाहिला. मग म्हणाला, "खांदा बरा होईल. पण यापुढे तू ओझी घेऊन मागून चालायचं. पुढं नाही."

वाटाड्याने मान खाली घातली.

घरी बायकोने खांदा शेकला. तो हळूच म्हणाला, "फेरीवाल्यानं खोटा माल दिला असेल का गं?"

"खरा होता," ती म्हणाली. "त्याचंच तर वाईट वाटतं. किती पिढ्यांनी तळहातावर जपला असेल. आपण एका सकाळीत संपवला."

तात्पर्य एवढेच: जुन्या नाजूक वस्तूपुढे हात जोडावेत, तिच्यावर भार टाकू नये. आणि ज्याच्या भरवशावर दुसऱ्याचा जीव असतो, त्याने अंगावरच्या वस्त्राची शोभा नव्हे, ताकद पाहावी.