काळा खडा आणि शिवेवरचं कुरण

सकाळची वेळ, दोन गावांच्या शिवेवरचा पार, पारावर मांडलेला सोंगट्यांचा पट. गोष्ट फार जुनी. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाला ठाऊक नाही.

शिवेवर एक कुरण होतं, दोन्ही गावांचं. उन्हाळ्याच्या तोंडाला दोन्हीकडचे पाटील तिथे पट खेळत. जो हरेल, त्याच्या गावाने महिनाभर कुरणात गुरं घालायची नाहीत. खेळता खेळता ज्याचं पारडं जड होई, तो पटाच्या मधोमध एक काळा खडा ठेवी. म्हणजे पैज दुप्पट. समोरच्याने खडा उचलून दोन महिन्यांसाठी खेळावं, नाहीतर एक महिना हरून तिथेच उठावं.

पण कुणी उठतच नसे! उठणाऱ्याला भर पारावर बांगड्या द्यायच्या, अशी रीत. ही रीत कुणी घातली? ज्यांच्या दावणीला एकही जनावर नव्हतं त्यांनीच, असा माझा संशय आहे.

सटवाजी पाटील दिलदार, आणि तेवढाच तापट. मागल्या साली त्याने बुडत्या पटावर खडा उचलला. महिनाभर गुरं कडब्यावर तगतात. दोन महिन्यांत गावातल्या प्रत्येक गाईच्या बरगड्या दिसू लागल्या.

तेव्हा त्याच्या बायकोने, येसूने, मनावर घेतलं. रोज जेवणं झाली की ती चुलीपुढे कोळशाने पट आखी आणि चिंचोके मांडी.

"ही सोंगटी एकटी का सोडलीत?"

"पुढे पळवायची होती."

"एकटी दिसली की मारली जाते. जोडीने बसवा, मग कुणाची हात लावायची छाती नाही."

"अगं, मी पाटील आहे या गावचा!"

"पाटील पारावर. इथे चिंचोके आवरा."

खड्याचंही तिनेच शिकवलं. "हाच पट मनात चारदा खेळून बघा. चारांत एकदा तरी जिंकत असाल, तर खुशाल उचला. तेवढीही आशा नसेल, तर उठा."

"आणि बांगड्या?"

"बांगड्यांनी गाय मरत नाही, धनी."

उन्हाळा आला. सटवाजी जोड्या राखून सुरेख खेळला, पण फासे रुसले. त्याच्या दोन सोंगट्या मेल्या. पलीकडच्या गावचा हैबती पाटील मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "काय सटवाजीराव, उचलताय ना?" आणि त्याने खडा मधोमध ठेवला.

"उचला, पाटील! गावाचं नाक कापू नका!" सटवाजीचेच लोक मागून ओरडले. ढोल घुमला.

सटवाजीने डोळे मिटले. मनात चारदा पट खेळला. एकदाही जिंकेना. तो उठला.

"हा महिना तुमचा, हैबतीराव. उरलेला उन्हाळा आमच्या गुरांचा."

शिट्ट्या झाल्या. बांगड्यांचं ताट आलं. सटवाजीने ते तसंच घरी नेऊन येसूपुढे धरलं. "हिरव्या आहेत. तुला होतात का बघ."

"सैल आहेत जरा," ती हसू दाबत म्हणाली, "पण असू देत."

त्या साली गावातलं एकही जनावर दगावलं नाही.

पुढच्या वर्षी नेमकी वेळ साधून सटवाजीने खडा ठेवला. हैबतीचा पट पुरता बुडाला होता. तरी त्याच्या पाठीमागून गलका झाला, "उचला! उचला!" बांगड्यांच्या धाकाने त्याने खडा उचलला, आणि दोन महिने हरला. येसूच्या सांगण्यावरून सटवाजीने पलीकडच्या दुभत्या गाई कुरणात येऊ दिल्या. बाकीची गुरं कडबा संपेपर्यंत तगली, मग एकेक करून बसली ती उठलीच नाहीत.

बोध एवढाच: थोडं हरून वेळेवर उठायला जो लाजतो, तो सगळं हरून बसतो.

हैबतीच्या मागे ओरडणारे पुष्कळ होते. गोठे निम्मे रिकामे झाले, तरी "त्यात माझाही आवाज होता" असं म्हणायला त्यांतला एकही अजून पुढे आलेला नाही.