तहान न लागणाऱ्या पोरी

बाराशे पोरांचं ते सरकारी हायस्कूल. पालकसभेत तपासणीच्या मॅडमसमोर मुख्याध्यापक घोरपडेसरांनी अभिप्रायांचा गठ्ठा ठेवला. "पालक असोत की विद्यार्थी, सगळ्यांनी 'उत्तम'च लिहिलंय. एकसुद्धा तक्रार नाही!"

पालकांत बसलेल्या उज्ज्वलाची आठवीतली मुलगी तनुजा दिवसभर लघवी दाबून दाबून दोनदा तापानं फणफणली होती. पण अभिप्रायावर मुलीचं नाव आणि हजेरी नंबर टाकायचा, मग खरं लिहिणार कोण? तरी ती उभी राहिली. "सर, मुलींच्या बाथरूमला कायम कुलूप असतं."

"कुलूप? रोज उघडंच असतं!" सर हसले. "ताई, पुरावा द्या. नाहीतर मुलीचा दाखला घेऊन जा."

शेजारची बाई तिचा पदर ओढून म्हणाली, "बस गं, पोरीचं वर्ष जाईल."

उज्ज्वला मॅडमकडे वळली. "चार वाजलेत, मॅडम. आठवीच्या पोरापोरींना आपापल्या पाण्याच्या बाटल्या घेऊन बोलवा."

बाटल्या टेबलावर आल्या. पोरांच्या सगळ्या रिकाम्या. पोरींच्या मात्र घरून भरून आणल्या तशाच, गळ्यापर्यंत भरलेल्या.

"सर," उज्ज्वला म्हणाली, "एप्रिलचं ऊन काय नुसत्या पोरांनाच लागतं होय?"

मॅडमनी सरांपुढे हात पसरला. "किल्ली द्या."

आणि सरांचा हात नकळत खिशात गेला.