रंगोबाची जड दुर्बीण

फार जुनी गोष्ट. रंगोबा बिबट्या म्हातारा झाला होता, पण सांगत फिरायचा, “पलीकडच्या डोंगरावरच्या सशाच्या मिश्या मी इथून मोजतो.” आणि लगेच स्वतःच पुस्ती जोडायचा, “काल मोजल्या. जवळ गेलो तर साळिंदर निघालं.”

तीन दिवसांचा उपास घडल्यावर तो भागाबाई वानरिणीकडे गेला. रानात फिरायला येणारी माणसं दुर्बिणी विसरून जायची आणि भागाबाई त्या उंबराखाली मांडून बसायची. मोबदला एकच, महिनाभर वानरांच्या वाटेला जायचं नाही.

“काका, ही घ्या,” ती म्हणाली. “जरा लहान दाखवते, पण सावलीतलंही स्वच्छ दिसतं आणि अंतराचा अंदाज चुकत नाही.”

“मला शिकवतेस? माल पारखण्यात हयात गेली माझी,” म्हणत रंगोबाने एकेक दुर्बीण कानाशी धरली आणि कलिंगडासारखी टिचकी मारून वाजवून पाहिली. शेवटी सगळ्यांत जड आणि सगळ्यांत मोठं दाखवणारी गळ्यात अडकवून तो ऐटीत निघाला.

कड्यावर बसून त्याने ती डोळ्यांना लावली. समोर भेकर चरत होतं, इतकं जवळ की त्याच्या नाकावरची गोमाशीसुद्धा दिसली. रंगोबाने दुर्बीण डोळ्यांवरून न काढताच झेप घेतली आणि थेट खालच्या करवंदीच्या जाळीत पडला. भेकर होतं दरीपलीकडच्या उतारावर.

अंगातले काटे उपटत तो ओरडला, “अरे, आत्ता माझ्या नाकासमोर होतास. पळालास कसा?”

“मी सकाळपासून इथंच आहे, काका,” भेकर पाला चघळत म्हणालं. “तुमचे डोळे केव्हाच येऊन पोचले. पाय कधी निघणार?”