केतकीची शीळ

एका राज्यात, फार वर्षांमागे, रोज एक शीळ ऐकू येई. राजा भद्रसेनाची सात वर्षांची लेक केतकी ती घाली, आणि बोलकी साळुंकी कुठूनही येऊन तिच्या खांद्यावर बसे.

एके सकाळी शीळ उमटलीच नाही. केतकीचा अर्धा चेहरा निजला होता. डावा डोळा मिटेना, प्यायलेले दूध ओठांच्या कोपऱ्यातून ओघळे. आदल्या दिवशी वेशीवर धुंडा नावाचा एक जोगी तिची शीळ ऐकून हसला होता. "त्याचाच शाप!" राजा म्हणाला. जोग्याच्या पायांत बेड्या पडल्या.

साळुंकी म्हणाली, "राजा, बेड्यांनी गाल हलत नाही. त्यालाच विचार."

जोग्याने केतकीला भुवया उचलायला सांगितले. डाव्या कपाळावर आठी पडली नाही. हातपाय मात्र धड होते.

"शाप माझा नाही, महाराज. उतारा ठाऊक आहे. कामं तीन. निळ्या वेलीचा कडू रस आजच सुरू करा, उद्यावर टाकू नका. डोळा ओला ठेवा, निजताना झाका. आणि रोज कुणीतरी समोर बसून तिला तोंडं वेंगाडून दाखवायची. बघून तीही करील."

"ते मी करते," साळुंकी म्हणाली.

"तुला गाल कुठं आहेत, बाई? बापानं करायचं."

मुकुटधारी राजाने चेहरा हलवायचा नाही, अशी तिथली चाल. हलवला की मुकुटातल्या एका रत्नाचा साधा खडा होई, आणि रत्ने संपली की राज्य बुडणार, असे म्हणत.

राजा लेकीसमोर मांडी घालून बसला. त्याने गाल फुगवले. एक माणिक खडा होऊन खाली पडले.

"बाबा, परत!" केतकी बोबडे बोलली.

चाळिसाव्या दिवशी मुकुट रिकामा झाला. राज्य बुडाले नाही; विहिरींचे पाणी होते तेवढेच राहिले. केतकीने ओठ जुळवले आणि शीळ घातली. साळुंकी खांद्यावर आली, तिच्या कानात म्हणाली, "जोग्याच्या पायांकडे बघ."

चाळीस दिवसांत बेड्या काढायचे कुणालाच सुचले नव्हते.

केतकीने बोट दाखवले, तसा राजा जोग्यासमोर खाली बसला. त्याने स्वतःच्या हातांनी त्या काढल्या. "चुकलो, बाबा."

जोग्याने केतकीच्या डाव्या गालावर हात ठेवला. ती हसली, दोन्ही बाजूंनी. त्याने झोळी उचलली, आणि तो वेशीबाहेर निघून गेला.