कोठारातली जुनी पेंढी

सांगा बाबा, लिहा बाबा, म्हणून विहारातल्या बायकांनी डोकं खाल्लं, म्हणून लिहून देतो. माझी शाळा चौथीच्या आतच आटोपली. गावात शिकलेली माणसं काय कमी आहेत? पण ती नुसती माना डोलावतात आणि चहा पिऊन जातात. असो. वाचत असताना मध्ये कुणी बोलू नये.

शास्ता, म्हणजे आपले भगवान, एका विहारात राहत होते. तिथल्या संघाचं कोठार सांभाळणाऱ्या भिक्खूनं फळं नासली म्हणून झाडलोट करणाऱ्या एका उपासिकेला सगळ्यांदेखत बोल लावला. चूक त्याचीच होती. ती कळल्यावर त्यानं तिला एकटीला गाठलं, कानाशी ‘चुकलं’ म्हणाला आणि निघून गेला. हे शास्त्यांच्या कानावर आलं. तेव्हा त्यांनी मागच्या जन्मातली ही गोष्ट सांगितली.

गोदेच्या काठी प्रतिष्ठान नगरात एक राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व नगराबाहेरच्या एका वाडीत आमराईवाल्याच्या घरी जन्माला आला. त्याचं नाव सोमिल. बाप लवकर गेला, घरात आई रेवती. दर उन्हाळ्यात राजाच्या पंगतीला पहिला आंबा जायचा तो सोमिलच्या आमराईतला. वाडीला त्याच एका गोष्टीचा मोठा अभिमान.

आंबा पाडाला आला की तोडायचा आणि कोठारात पेंढ्याच्या थरांत लावून पिकवायचा. याला आढी घालणं म्हणतात. आढी घालणं सोपं, आढीची जागा करणं अवघड. आधी गेल्या वर्षीचा पेंढा काडी न काडी बाहेर काढून उकिरड्यावर टाकायचा. भिंतींना चुना द्यायचा. जमीन सारवायची आणि टाच टेकली तरी ठसा उठणार नाही इतकी वाळू द्यायची. मग कडुनिंबाच्या पाल्याची धुरी करायची आणि त्यानंतर नवा पेंढा. हे काम सोमिल स्वतः करायचा आणि त्याच्या जोडीला मल्ली नावाची बाई असायची. मल्ली विधवा होती, वाडीत झाडलोट करून पोट भरायची.

पण त्या मुलखात एक रीत होती. कोठार कधी पुरतं रिकामं करायचं नाही. जुन्यातलं मूठभर तळाशी ठेवायचं, नाहीतर लक्ष्मी उठून जाते म्हणत.

रेवती म्हणाली, “सगळं काढलंत? एक पेंढी तरी राहू दे रे.”

“आई, धान्याच्या कणगीत ठेव. फळाखाली जुना पेंढा नको. त्याला बुरशी असते.”

“तुझ्या बापानं ठेवली होती.”

“म्हणून दरसाल टोपलीभर नासका आंबा फेकत होता.”

रेवती घरात निघून गेली. आढी लागली. कोठाराचं दार बंद झालं.

राजाचा अधिकारी गाड्या घेऊन आला, तेव्हा अख्खी वाडी जमली होती. दार उघडलं आणि पुढची माणसं नाकाला पदर, उपरणं लावून मागं सरली. एका कोपऱ्यापासून आंबा काळा पडत गेला होता, अर्धी आढी पाणी सुटून बसली होती.

कुणीतरी विचारलं, “आत कोण शिरलं होतं?”

रेवती म्हणाली, “मल्ली होती. तिचाच हात लागला. नवऱ्याला खाल्लं, आता आंबा खाल्ला.”

एवढं पुरे झालं. लोकांनी मल्लीला वेशीपर्यंत हाकललं आणि तिचा झाडू तिच्यामागं फेकला. तिनं एकदा वळून सोमिलकडं पाहिलं. हाताच्या अपशकुनानं आंबा नासत नाही, हे त्या वाडीत सोमिलइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तरी तो खाली बघत राहिला. अधिकारी समोर होता, मान जायची वेळ होती.

अधिकारी म्हणाला, “चला, अवदसा गेली. दुसऱ्या तोडणीचा आंबा नीट पिकवा. या खेपेला आढी लावायच्या आधीच मी परत येतो.”

सोमिल एकटाच कोठार साफ करायला बसला. कोपऱ्यातली घाण उपसता उपसता तळाशी एक पेंढी लागली. काळी ठिक्कर, चिकट, आणि पिवळ्या दोऱ्यानं बांधलेली. तो दोरा आईच्या पूजेतला होता. सोमिल तसाच ती पेंढी घेऊन आईकडं ओसरीवर गेला.

रेवतीनं पेंढीकडं पाहिलं नाही. “तुझ्या भल्यासाठीच ठेवली.”

“आणि मल्ली?”

“ती गेली, विषय मिटला. आता बोलशील तर राजाचा मान जाईल. म्हातारपणी आईची अब्रू काढशील. कुणासाठी? झाडणारीसाठी?”

सोमिल भरल्या ताटावरून उठला. आई चुकली ते अजाणपणी. आपण गप्प बसलो ते समजून उमजून. उजाडल्यावर तो नदी उतरून पलीकडं गेला. मल्ली तिथं कुंभारांच्या वस्तीत राख चाळत होती.

“मल्लीबाई, दोष माझ्या घरचा होता. मला क्षमा कर.”

मल्लीचे हात थांबले नाहीत. “इथं कशाला आलात धनी? इथं मला कुणी काही बोललं नाही. मला बोलले ते वेशीवर.”

“तिथं बोललो तर सगळं जाईल.”

“माझं तिथंच गेलं.”

सोमिलनं नदीपलीकडं वेशीच्या दिशेला पाहिलं. शेवटी म्हणाला, “अधिकारी येईल त्या दिवशी ये.”

“बघते,” मल्ली म्हणाली.

अधिकारी आला. वेशीवर माणसं जमली, मल्लीही लांब उभी होती. सोमिलनं ती काळी पेंढी सगळ्यांसमोर जमिनीवर ठेवली.

“आंबा याच्यानं नासला. ही माझ्या घरातून ठेवली गेली. कोठार माझं, दोष माझा. मल्लीनं जागा स्वच्छ केली होती, ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तिला तुम्ही हाकललं तेव्हा मी गप्प राहिलो, कारण मला मान हवा होता. मल्लीबाई, मला क्षमा कर.”

अधिकारी हसला. “अरे, मिटलं होतं की. कशाला उकरलंस? ज्याला आपलं कोठार राखता येत नाही त्याचा आंबा राजाच्या ताटात कसा वाढू?” आणि तो गाड्या घेऊन शेजारच्या गावाला गेला. वाडीतली माणसं सोमिलकडं अशी बघू लागली, जशी आधी मल्लीकडं बघत होती.

मग गर्दी सारीत रेवती पुढं आली. लेकानं तिचं नाव घेतलं नव्हतं, तेच तिला सोसवलं नाही. तोंडावर पदर घेऊन ती म्हणाली, “दोरा बघा. माझा आहे. पेंढी मी ठेवली आणि पोरीवर आळ मी घेतला.” ती मल्लीच्या पायाशी वाकायला गेली, पण तिला नीट वाकता येईना.

मल्लीनं तिला दंडाला धरून उभी केली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. सोमिलला म्हणाली, “चुना आज भिजत घाला. भिंत वाळायला वेळ लागतो.”

या खेपेला कोठार खरोखर पुरतं रिकामं झालं, रेवतीनंही पेंढी ठेवली नाही. आंबा चांगला पिकला, वाडीनंच खाल्ला. राजाचा मान परत आला नाही. मल्ली वाडीत राहिली.

ही गोष्ट संपवून शास्ता म्हणाले, त्या वेळची रेवती म्हणजे आज कोठार सांभाळणारा हा भिक्खू. मल्ली म्हणजे ही उपासिका. आणि वेशीवर मान खाली घालून उभा राहिलेला सोमिल म्हणजे मीच. भिक्खू उठला आणि जिथं बोलला होता तिथं जाऊन सगळ्यांदेखत त्यानं क्षमा मागितली.

या गुणाला आपल्या विहारातले भन्ते ‘हिरी’ म्हणतात. आपण लाज म्हणू. घरात बसून मान खाली घालणं ही अर्धी लाज. ती खाली गेलेली मान घेऊन वेशीपर्यंत चालत जाणं ही पुरी.

मागच्या पौर्णिमेला आपल्या विहारात दानाची केळी काळी पडली. या म्हाताऱ्यानं फळांची खोली ओली ठेवली, असं माझ्यावर भर सभेत बोललं गेलं. खोली मी वाळवून दिली होती. ओल्या चटया नंतर आत टाकल्या त्या बोलणाऱ्यानंच. परवा त्यानं मला बोळात गाठून हात जोडले. बोळात मला कुणी काही बोललं नव्हतं. सभा विहारात भरते आणि तिथं मी अजून वाट बघतो आहे. त्या बोलणाऱ्या माणसाचं नाव शेषराव वाहुळे.