खडीसाखरेचा खडा

“पण आबा, मंदिरातून व्यापारी हाकलले, तेव्हा प्रभू येशू गप्प होता का?”

“नव्हता. पण क्रुसाची शिक्षा देणाऱ्या पिलातापुढे गप्पच होता.”

“ते वेगळं!”

नथानेल गावातल्या चर्चचा नवा पाळक. वय सव्वीस, आवाज खणखणीत आणि राग नाकाच्या शेंड्यावर. आबा ओहोळ त्याच्या आधीचे, आता निवृत्त. रविवारची उपासना आटोपून मंडळी अजून आवारात चहा पीत होती, आणि नथानेल तडक आबांच्या ओट्यावर येऊन धडकला होता.

“त्या पेटीवाल्या सलोमीबाई! सगळ्यांदेखत म्हणाल्या, ‘यांचा उपदेश संपेपर्यंत माझं घरचं वरण आंबलं.’ लोक हसले, आबा. तुम्हीसुद्धा!”

“हसलो खरा.”

“आता मीही सुनावतो. तीस वर्षं पेटी बडवताय, अजून सूर सापडत नाही!”

एवढं ऐकल्यावर बाई पुन्हा पेटीला हात लावणार नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नाही तर नाही!

आबांनी डबीतून सुपारीएवढा खडीसाखरेचा खडा काढला.

“आधी घसा साफ कर. चावायचा नाही मात्र. विरघळला, की खुशाल जा.”

नथानेलने खडा तोंडात टाकला. गाल टम्म फुगला.

तेवढ्यात सलोमीबाईच ओट्याशी आल्या. नथानेल ताडकन उठला. तोंड उघडलं... खडा बाहेर येऊ लागला. मुकाट्याने मिटलं.

“पाळकसाहेब, माझ्या जिभेला हाड नाही बघा. आताशा बोटं आखडतात माझी. सूर चुकतात, मला काय कळत नाही? पण तुम्ही कधी एका शब्दानं बोलला नाहीत. आणि मी मेली चारचौघांत...”

त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

नथानेलने हात जोडले. दुसरं काही करता येण्याजोगंच नव्हतं.

बाई हसल्या. पुढच्या रविवारी लवकर येऊन सराव करते म्हणाल्या, आणि गेल्या.

खडा विरघळायला बराच वेळ लागला. नथानेलला स्वतःची लाज वाटत होती, आणि सुटल्यासारखंही वाटत होतं.

“आबा... हा खडा नसता तर?”

आबांनी हसत डबीचं झाकण लावलं.

मग त्याने भीत भीत विचारलं, “खरं सांगा आबा. उपदेश लांबला होता का हो?”

आबांनी डबी उघडली. चाचपून चाचपून त्यातला सगळ्यात मोठा खडा निवडला, आणि आपल्या तोंडाजवळ नेला.

“थांब,” ते म्हणाले. “आधी हा विरघळू दे.”